दोरीच्या काठावरचे रोप : पीक कापणी प्रयोगातील प्लॉटच्या आकाराचे प्रकरण

पार्श्वभूमी

संख्यात्मक संशोधनपद्धती शिकवताना नमुना किती मोठा हवा यावर खूप बोलले जाते. नमुन्यातला एक घटक म्हणजे नेमके काय, त्याची हद्द कुठे संपते आणि त्या हद्दीवर उभा असलेला माणूस काय ठरवतो, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. पीक कापणी प्रयोगात शेताचा एक छोटा तुकडा (प्लॉट) दोरीने आखतात, तेवढेच पीक कापून तोलतात आणि त्यावरून एकरी उत्पन्न काढतात. त्या तुकड्याच्या हद्दीचा हा प्रश्न आपल्या देशात १९४० च्या दशकात उभा राहिला. त्याचा निकाल कसा लागला आणि काय अनिर्णित राहिले, हे येथे क्रमाने मांडले आहे. ज्यांची मते छापील वादात आहेत त्या दोन संख्याशास्त्रज्ञांची आणि त्यांच्या सहकाऱ्यांची नावे दिली आहेत. ज्या पटवाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी प्रत्यक्ष दोरी धरली ते या लेखात निनावीच आहेत.

त्याआधी पिकाचा अंदाज आणेवारीने बांधला जाई. सोळा आणे म्हणजे सर्वसाधारण पीक. गावचा अधिकारी उभ्या पिकावरून नजर फिरवून यंदा दहा आणे किंवा बारा आणे असे ठरवी, आणि त्या आकड्याने ठरीव सरासरी उत्पन्नाला गुणले जाई. ‘सर्वसाधारण’ म्हणजे काय याची प्रत्येकाची कल्पना वेगळी असे. शिवाय आणेवारी शेतसाऱ्याच्या सुटीशी जोडलेली असल्यामुळे आकडा सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे हितसंबंध त्यात गुंतलेले असत. आपल्याकडे तिचे नाव पुढे पैसेवारी झाले, आणि पन्नास पैशांच्या आत की बाहेर यावरून गावाची टंचाई आजही ठरते.

महायुद्धाच्या काळात धान्याची वसुली आणि वाटप सरकारने हाती घेतले, तेव्हा नजरेचा अंदाज पुरेना. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात मूळ पीक किती होते यावरच एकमत नव्हते. मोजून काढलेला, आणि आपल्या चुकीची मर्यादा स्वतः सांगू शकणारा आकडा हवा होता.

तसा आकडा काढण्याची वाट अगदी नवी नव्हती. जॉन हबॅक यांनी १९२० च्या दशकात बिहार-ओरिसात भाताच्या शेतांत यादृच्छिक (चिठ्ठी टाकून काढल्यासारख्या) जागा निवडून तेवढ्याच पिकाची कापणी करून पाहिली होती. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली आणि १९३७ पासून बंगालमध्ये तागाच्या पाहण्या सुरू केल्या. दुसरीकडे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९४० मध्ये कृषी संशोधन परिषदेत सांख्यिकी सल्लागार म्हणून आले. त्याच सुमारास वि. गो. पानसे आणि त्यांचे सहकारी वऱ्हाडात कपाशीच्या उत्पन्नाच्या पाहणीत गुंतले होते. कपाशीची वेचणी एका दिवसात संपत नाही. एकच आखलेला प्लॉट वेचणीमागून वेचणी सांभाळावा लागतो, त्यामुळे प्लॉटची हद्द टिकवणे हा तिथे रोजचाच प्रश्न होता.

प्रश्न

कोणते गाव आणि त्यातले कोणते शेत निवडायचे, यावर महालनोबिस यांची कोलकात्याची संस्था आणि सुखात्मे यांची कृषी परिषद या दोन्ही बाजूंचे मूलतः एकमत होते. निवड यादृच्छिकच हवी. वाद होता तो शेतात शिरल्यानंतरचा. निवडलेल्या बिंदूपाशी कापायचा प्लॉट किती मोठा असावा?

लहान प्लॉटच्या बाजूने भक्कम तर्क होता. एका शेताच्या आतला फरक दोन शेतांमधल्या फरकाच्या मानाने सहसा थोडा असतो, आणि शेजारशेजारची रोपे सारखीच असतात. म्हणून एका शेतात प्लॉट दहापट मोठा केला तरी अचूकता दहापट वाढत नाही. फेअरफिल्ड स्मिथ यांनी १९३८ मध्ये गव्हाच्या माहितीवरून हेच सूत्राने दाखवले होते. तेव्हा एका जागी मोठा प्लॉट कापण्यात दिवस घालवण्यापेक्षा तेवढ्याच वेळात अनेक शेतांत छोटे छोटे प्लॉट कापावेत. कोलकात्याच्या संस्थेने हीच दिशा धरली. स्वतःचे प्रशिक्षित, फिरते अन्वेषक नेमायचे आणि काही फूट त्रिज्येची वर्तुळे कापत जायचे, अशी त्यांची पद्धत होती.

हा तर्क कागदावर अचूक आहे, मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. छोट्या प्लॉटवर माणसाच्या हातून होणारी चूक कधी जास्तीची, कधी कमीची होते आणि सरासरीत फिटून जाते, असे ते गृहीतक आहे. सारा प्रश्न त्याच्याभोवती फिरतो.

काठावर काय घडते

दोन फूट त्रिज्येचे वर्तुळ घ्या. मधोमध खुंटी, खुंटीला दोन फुटांची दोरी, आणि दोरीचे टोक फिरवत नेणारा माणूस. गहू कमरेपर्यंत आलेला आहे. दोरी जमिनीलगत नेली तर खोडांत अडकते, वरून नेली तर ओंब्या वाकवते. एका रोपाचे बूड रेषेबाहेर आहे पण त्याच्या दोन ओंब्या आत झुकल्या आहेत. दुसऱ्याचे बूड बरोबर रेषेवर आहे. विळा हातात असलेला माणूस अशा वेळी काय करतो? तो बहुधा रोप आत घेतो. यात लबाडी नसते. भरलेली ओंबी सोडून देणे हाताला जड जाते, आणि अर्धवट आत असलेले आतच, असे मन सहज म्हणते. आत झुकलेले रोप आत धरताना, त्याच न्यायाने बाहेर झुकलेले रोप बाहेर सोडले जात नाही. म्हणून चूक दोन्ही बाजूंना न पडता एकाच बाजूला पडते. संख्याशास्त्रात अशा एकाच दिशेच्या चुकीला अभिनती म्हणतात.

तिचे माप साध्या भूमितीने काढता येते. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्र १२.५७ चौरस फूट आणि परीघही १२.५७ फूट, म्हणजे दर चौरस फुटामागे एक फूट काठ. ३३ फूट बाय साडेसोळा फुटांच्या आयताचे क्षेत्र ५४४.५ चौरस फूट (बरोबर एकराचा ऐंशीवा भाग) आणि परिमिती ९९ फूट, म्हणजे दर चौरस फुटाला जेमतेम ०.१८ फूट काठ. आता दोन्हीकडे हद्द अंगठ्याच्या पेराएवढी, एक इंच बाहेर सरकली असे समजा. वर्तुळाचे क्षेत्र ८.५ टक्क्यांनी फुगते, आयताचे दीड टक्क्याने. त्रिज्या चार फूट असेल तर फुगवटा ४.२ टक्क्यांवर येतो.

एका रोपापुरतेच पाहायचे तर हिशोब आणखी बोलका आहे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळातले धान्य एकरावर न्यायला सुमारे ३,४६६ ने गुणावे लागते. काठावरच्या एका रोपाचे, समजा, दहा ग्रॅम दाणे चुकून आत आले तर एकरी उत्पन्न सुमारे ३५ किलोंनी वाढते. आयताचा गुणक ८० आहे, त्यामुळे तेच रोप तिथे ८०० ग्रॅमचा फरक पाडते.

समोर असलेले पर्याय

आणेवारी चालू ठेवणे हा पर्याय नावापुरताच उरला होता. निवडलेले पूर्ण शेत कापून तोलणे हा सर्वांत शुद्ध मार्ग, पण शेतकऱ्याच्या सोयीने, मळणी संपेपर्यंत थांबून हजारो शेतांत ते करणे शक्य नव्हते. तपासणीपुरता मात्र तो उपयोगी होता, आणि पुढे तसाच वापरला गेला.

खरी निवड उरलेल्या दोघांत होती. पहिला मार्ग म्हणजे छोटे प्लॉट, भरपूर शेते आणि त्यासाठी स्वतंत्र प्रशिक्षित माणसे. दुसरा म्हणजे मोठे प्लॉट, तुलनेने कमी शेते, आणि काम गावात आधीच असलेल्या महसूल व कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांकडून करून घेणे. प्लॉटचा आकार आणि काम करणारा माणूस हे दोन प्रश्न इथे एकमेकांत गुंतले, हे लक्षात ठेवावे लागेल. छोटा प्लॉट मागणारे त्याबरोबर काळजीपूर्वक काम करणारी वेगळी यंत्रणाही मागत होते. मोठा प्लॉट मागणाऱ्यांचे म्हणणे असे होते की पद्धत अशी हवी की सामान्य कर्मचाऱ्याच्या हातूनही ती बिघडू नये.

निर्णयाचा गाभा एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. समजा, छोट्या प्लॉटने एका शेताच्या आकड्यात ४० टक्क्यांचे विचलन येते आणि अभिनती ८.५ टक्के आहे. १,६०० शेते घेतली तर यादृच्छिक चूक एका टक्क्यावर उतरते, पण एकूण चूक ८.६ टक्केच राहते. मोठ्या प्लॉटने विचलन ३५ टक्के आणि अभिनती दीड टक्का धरली तर अवघ्या २०० शेतांत एकूण चूक २.९ टक्क्यांवर येते. शेते वाढवली की यादृच्छिक चूक आटते, अभिनती तशीच राहते, आणि आकडा स्वतःच्या अचूकतेविषयी जास्त खात्रीने बोलू लागतो. चुकीच्या आकड्याला लाभलेली ही खात्री मला नुसत्या चुकीपेक्षा अधिक घातक वाटते.

काय केले गेले

सुखात्मे यांनी हा वाद तर्कावर न सोडता शेतात नेला. संयुक्त प्रांतातल्या (आजच्या उत्तर प्रदेशातल्या) मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांमध्ये निरनिराळ्या मापांचे प्लॉट कापले गेले. ३३ फूट बाजूच्या समभुज त्रिकोणापासून दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळापर्यंत मापे घेतली गेली, आणि पूर्ण शेताच्या कापणीशी त्यांची तुलना झाली. निष्कर्षाची दिशा स्वच्छ होती. प्लॉट जसा लहान होत गेला तसे एकरी उत्पन्न वाढत गेलेले दिसले. मोठे प्लॉट पूर्ण शेताच्या जवळ राहिले आणि सर्वांत छोट्या वर्तुळांनी उत्पन्न मोठ्या फरकाने फुगवले. १९४६ मध्ये ‘नेचर’मध्ये आणि १९४७ मध्ये अमेरिकन सांख्यिकी संघाच्या नियतकालिकात त्यांनी हे मांडले.

महालनोबिस यांनी १९४६ मध्येच ‘नेचर’मध्ये उत्तर दिले. त्यांचे म्हणणे बाजूला सारण्याजोगे नाही. फार छोट्या वर्तुळांतला फुगवटा त्यांच्या संस्थेलाही आधीच दिसला होता. त्यांचा आक्षेप असा, की ही चूक आकाराइतकीच कापणाऱ्याच्या शिस्तीचीही आहे, आणि शिकवलेल्या अन्वेषकाकडून एका मर्यादेपुढचे प्लॉट कापून घेतले तर ती नगण्य होते. चूक पकडण्याचे त्यांचे स्वतःचे साधनही मोलाचे होते. एकाच प्रदेशातून दोन स्वतंत्र नमुने काढायचे, दोन वेगळ्या तुकड्यांकडून मोजून घ्यायचे आणि दोन्ही आकडे जुळतात का पाहायचे. आंतरगुंफित उपनमुन्यांची ही कल्पना आज जगभर वापरली जाते.

मात्र या प्रकरणात ते साधन अपुरे पडणारे होते, आणि माझ्या दृष्टीने हा सर्वांत शिकण्याजोगा टप्पा आहे. दोन तुकड्यांपैकी एक निष्काळजी असेल तर आकडे जुळणार नाहीत आणि चूक उघडी पडेल. पण काठावरची ओंबी आत घेण्याचा कल दोन्ही तुकड्यांत सारखाच असेल तर दोन्ही आकडे सारखेच फुगतील, जुळतील, आणि ते जुळले म्हणून समाधान वाटेल. दोन साक्षीदारांचे एकमत झाले म्हणजे दोघेही खरे बोलले असे होत नाही. सामाईक अभिनती पकडायला बाहेरचा मापदंड लागतो, आणि तो पूर्ण शेताच्या कापणीने पुरवला.

तो मापदंडही निर्दोष नव्हता. शेतकरी पूर्ण शेत कापतो तेव्हा काही दाणे गळतात, काही ओंब्या रानात राहतात, मळणीत नासधूस होते. छोट्या प्लॉटवर माणूस गळालेले दाणेही वेचून घेतो. म्हणजे दोन आकड्यांतला फरक सगळाच काठामुळे नसून थोडा वेचणीच्या काळजीमुळेही असू शकतो. धान्याच्या पुरवठ्यासाठी आकडा हवा असेल तर खळ्यावर पोचणारे उत्पन्नच खरे धरायचे, हे योग्यच. पण काठाची चूक म्हणून सगळा फरक मोजायचा तर तो थोडा जास्त मोजला जातो.

परिणाम

कृषी परिषदेची पद्धत, म्हणजे मोठा प्लॉट आणि खात्याचे कर्मचारी, देशभर स्थिरावली. पानसे आणि सुखात्मे यांचे कृषी संशोधकांसाठीच्या सांख्यिकी पद्धतींवरचे पुस्तक १९५४ मध्ये आले आणि कृषी महाविद्यालयांतून पिढ्यान्‌पिढ्या वापरले गेले. जुन्या मतभेदाचा ठसा मात्र नकाशावर उरला. आजही बहुतेक राज्यांत चौकोनी प्लॉट घालतात, उत्तर प्रदेशात समभुज त्रिकोण आणि पश्चिम बंगालमध्ये वर्तुळ.

महाराष्ट्रात तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक गावे वाटून घेऊन हे प्रयोग करतात. गट क्रमांक निवडायचा, शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून यादृच्छिक अंकांइतकी पावले मोजायची, खुंट्या ठोकून दोरी ताणायची, आतले पीक कापून, मळून, उफणून तोलायचे, आणि वाळल्यावर किती वजन उरते ते पाहायला थोडा नमुना ठेवायचा. २०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजनेत या आकड्याला थेट पैशाचे वजन आले. उंबरठा उत्पन्नापेक्षा प्रत्यक्ष उत्पन्न जितके कमी, त्या प्रमाणात विमा रकमेतून भरपाई मिळते.

इथे काठावरचे रोप पुन्हा समोर येते. समजा, उंबरठा हेक्टरी १० क्विंटल आणि खरे उत्पन्न ८ क्विंटल आहे, म्हणजे तूट २० टक्के. प्रयोगात पाच टक्क्यांची वाढीव चूक झाली तर उत्पन्न ८.४ दिसते आणि तूट १६ टक्के उरते. मोजणी पाच टक्क्यांनी चुकली आणि भरपाई पाचव्या हिश्शाने घटली. खरे उत्पन्न ९.६ असेल तर तेवढ्याच चुकीने ते १०.०८ दिसते, आणि मंडळातल्या एकाही शेतकऱ्याला काही मिळत नाही.

एक बारकावा मात्र न्यायाने सांगायला हवा. उंबरठा मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीवरून ठरतो, आणि तीही याच प्रयोगांतून आलेली असते. तीच पाच टक्क्यांची चूक त्या वर्षांतही झाली असेल तर उंबरठा १०.५ आणि उत्पन्न ८.४, म्हणजे तूट पुन्हा बरोबर २० टक्के. सारखीच राहिलेली अभिनती गुणोत्तरात गळून जाते. धोका असतो तो ती बदलण्यात. माणसे बदलली, प्लॉटचे माप बदलले, एका वर्षी देखरेख कडक आणि दुसऱ्या वर्षी सैल झाली, तर फरक थेट भरपाईत उतरतो. साठ्याच्या हिशोबाला अभिनतीचे प्रमाण महत्त्वाचे, तर विम्याच्या हिशोबाला तिचे स्थैर्य. एकच प्रयोग दोन कामांना वापरताना ही दोन प्रयोजने वेगळी आहेत याचे भान सुटते.

काय वेगळे करता आले असते

पहिली गोष्ट, आकार आणि माणूस यांची गाठ सोडवायला हवी होती. दोन संस्थांचे आकडे शेजारी ठेवले की प्लॉटचे माप, कर्मचारी, पीक आणि प्रांत असे सगळेच एकदम बदलते, आणि फरक कशाचा हे सांगता येत नाही. त्याच शेतांत, लहान आणि मोठे दोन्ही प्लॉट, प्रशिक्षित अन्वेषक आणि गावचा कर्मचारी या दोघांकडूनही, कोणी कुठे कापायचे हे चिठ्ठीने ठरवून कापून घेतले असते, तर दोन्ही बाजूंच्या दाव्यांचा निकाल एका हंगामात लागला असता. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांची घटकरचना (अनेक घटक एकाच प्रयोगात एकत्र बदलून प्रत्येकाचा परिणाम वेगळा काढण्याची मांडणी) तेव्हा दोन्ही गटांना पाठ होती. ती पिकाच्या जातींवर आणि खतांवर वापरली गेली. मोजणाऱ्या माणसावर वापरण्याचा संकोच कदाचित शास्त्रीय नसावा.

दुसरी गोष्ट, काठाचा नियम आखायला हवा होता. रक्तपेशी मोजणारा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखालच्या चौकटीत रोज हाच प्रश्न सोडवतो. वरच्या आणि डाव्या रेषेला टेकलेली पेशी मोजायची, खालच्या आणि उजव्या रेषेला टेकलेली सोडायची. नियम मनमानी आहे, पण आत घेण्याची आणि सोडण्याची शक्यता तो समान करतो आणि निर्णय हातातून काढून घेतो. वनस्पतींची मोजदाद करणारे पर्यावरणशास्त्रज्ञ आपल्या चौकटींना असेच दोन काठ घेण्याचे आणि दोन सोडण्याचे ठरवतात. चौकोनी प्लॉटमध्ये पीक कापणाऱ्यालाही ते सहज जमेल : दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या दोरीवर बूड असलेले रोप आत, उत्तरेच्या आणि पूर्वेच्या दोरीवरचे बाहेर, आणि निर्णय नेहमी बुडावरून करायचा, ओंबीवरून कधीही नाही. वर्तुळाला असे ठळक काठ नसल्यामुळे तिथे नियम घालणे अवघड जाते.

तिसरी सूचना सध्याच्या प्रयोगांसाठी आहे. दर हंगामात प्रत्येक जिल्ह्यात मोजक्या शेतांवर प्लॉट कापून झाल्यावर पूर्ण शेतही तोलावे, आणि त्या गुणोत्तराची वर्षवार नोंद ठेवावी. आज प्रयोगाच्या जागेचे छायाचित्र आणि अक्षांश-रेखांश घेतले जातात. त्यातून प्रयोग झाला हे कळते आणि तो कुठे झाला हेही. दोरी किती ताणलेली होती आणि तिच्यावरची रोपे कोणत्या पेंढीत गेली, हे त्या छायाचित्रात दिसत नाही. पूर्ण शेताशी पडताळलेल्या गुणोत्तरात ते दिसेल, आणि ते गुणोत्तर वर्षागणिक हलते आहे की स्थिर आहे हे पाहूनच उंबरठा आणि यंदाचे उत्पन्न एका तागडीत घालता येतील.